प्लेट लावण्याआधी गोठ्यात विचारून घे

प्रिय बेटा,

एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हावं की नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं, असं तू विचारलंस. घरचे पहिलं म्हणतात आणि त्यात वावगं काही नाही. पण तुझ्या पत्रात प्रतिजैविकांवर दोन पानं आहेत, नोकरीवर दोन ओळी. म्हणून दुसऱ्या वाटेबद्दलच लिहिते.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरच्या या कामाचं नाव होतं ते जनुकांमुळे. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ जाहीर केलं. कोलिस्टिनला न जुमानणारं, प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं जनुक. कोलिस्टिन म्हणजे बाकीची औषधं हरल्यावर माणसांसाठी काढायचं औषध, आणि आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यातही जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी आणली. बंदी कागदावर आली. अमरावतीकडच्या शेडमध्ये आज खाद्यात काय पडतं, ते पोतं उलटून लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.

तुझे बहुतेक दिवस मात्र जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या डिस्क लावण्यात आणि त्यांच्याभोवती जिवाणू न वाढलेली वर्तुळं मोजण्यात जातील. कंटाळवाणं काम आहे, पण इथेच आकडे बिघडतात. प्लेटमधलं मुलर-हिंटन आगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं माध्यम, ४ मिलिमीटर जाड हवं. जास्त ओतलंस की डिस्कभोवतीचं वर्तुळ लहान येतं आणि साधा जिवाणूही प्रतिरोधक म्हणून नोंदला जातो. म्हणून दर खेपेला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा तुलनेसाठीचा प्रमाणित जिवाणू सोबत लाव. त्याचं वर्तुळ मर्यादेबाहेर गेलं तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद कर, गाईड कितीही घाई करोत.

शिवाय आपला उन्हाळा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली तर प्लेटना लागणारे ३५ अंश आत कुठून आणशील? निधीचा प्रस्ताव लिहिताना सिक्वेन्सिंगच्या (जनुकक्रम वाचण्याच्या) आधी गार करणारा बीओडी इन्क्युबेटर माग. नमुन्याचंही तसंच, आर्वीहून एसटीने बर्फाविना आलेल्या दुधात वाटेत काय काय वाढलं असेल, त्याचा भरवसा नाही.

आता गोठ्याचं. दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईचं दूध घेताना ‘अँटिबायोटिक दिलं होतं का?’ असं विचारलंस तर ‘नाही’ येईल. ‘इंजेक्शनची रिकामी बाटली आहे का?’ विचार, मग कोनाड्यातून निघते. बाटलीवर सेफ्ट्रायॅक्झोन असलं तर नीट लिहून घे, माणसांच्या दवाखान्यात रोज लागणारं औषध आहे ते. कोणी दिलं, किती दिवस दिलं, गाय चरायला लागली म्हणून मध्येच थांबवलं का? ही टाचणं नसतील तर तुझ्या तक्त्यातल्या टक्केवारीतून कारण काही हाती लागणार नाही.

औषधानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, ते लेबलावर असतं. ते वाचून दाखवलं की ऐकायला मिळतं, ‘मॅडम, दूध फेकलं तं ढेपेचे पैसे कोन देईन?’ माझ्याकडे याचं उत्तर नाही. संकलन केंद्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पाहून भाव देतं, औषधाचा अंश नसलेल्या दुधाला जास्तीचा रुपया नाही. म्हणून सगळा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणारे शोधनिबंध मला पटत नाहीत. बायांना तर हे केव्हाचं ठाऊक आहे; अशा दुधाला विरजण लागत नाही, कारण औषध दह्याच्या जिवाणूंनाही मारतं. प्रयोगशाळेतली एक रूढ चाचणीही याच तत्त्वावर चालते. उष्णता सोसणारा जिवाणू दुधात ६४ अंशांवर ठेवायचा. तो वाढला तर जांभळा रंग पिवळा होतो, दुधात पुरेसं औषध असेल तर जांभळाच राहतो. उकळून औषध जातं, हा समज मात्र खोडून काढ. पुष्कळशी औषधं उकळूनही उरतात.

माणसांच्या डॉक्टरांशीही ओळख ठेव. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, तेव्हा पुढे दोन्हीकडची भाषा येणारी माणसं लागतील.

अर्जात पहिला पर्याय सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरा पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य लिही. यातलं काहीही मिळालं तरी प्रबंधाला तुझ्याच तालुक्यातलं दूध घे, गोठ्यात तुला आत घेतील. एमपीएससीचा फॉर्मही भरून ठेव. आईबाबांशी त्यावरून भांडू नको.

तुझी,
मॅडम