सोसायटीची बाग नव्याने करताना

प्रश्न : पुण्यातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सामायिक बाग बरीच वर्षे दुर्लक्षित आहे. ठेकेदाराने दिलेल्या आराखड्यात सर्वत्र पेव्हर ब्लॉक, मधोमध हिरवळ आणि कोपऱ्यातील जुनी चिंच तोडणे सुचवले आहे. ज्येष्ठांना बसायला, मुलांना खेळायला जागा हवी आहे आणि सभेत नुसते वाद होतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : आराखडा तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. ठेकेदाराने जागा मोजली असली, तरी दुपारी ऊन कोठवर येते, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते आणि संध्याकाळी कोण कोठे बसते, हे तेथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. म्हणून एखाद्या रविवारी मुले, आजी-आजोबा आणि रोज पाणी घालणारे माळीकाका यांच्यासह सर्वांनी बागेतच जमावे आणि चुन्याच्या फक्कीने वाट, बाके व खेळाची जागा जमिनीवर आखून पाहावी. सभेत ताणले जाणारे अनेक वाद प्रत्यक्ष जागेवर निवळतात.

चिंचेबाबत मात्र तडजोड नको. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्याचा कायदा शहरांतील खासगी आवारांनाही लागू आहे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात तोडण्यातच मोडते. त्यामुळे सभेने बहुमताने ठराव केला, तरी रीतसर परवानगीवाचून तिला हात लावता येणार नाही. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते. इमारती होण्यापूर्वी तेथे शेत असेल, तर आपली चिंच त्यात बसण्याची शक्यता आहे. ज्येष्ठांची बाके तिच्याच सावलीत ठेवावीत; तेवढी सावली देणारे दुसरे झाड वाढायला एक पिढी जाईल.

फरशी बुंध्यापर्यंत नेणे हीही झाडाला इजाच आहे. पाणी शोषणारी बारीक मुळे प्रामुख्याने मातीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात आणि खडी-सिमेंट ठोकून बसवलेल्या ब्लॉकखाली त्यांना हवा आणि पाणी दोन्ही मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. चिंचेसारख्या मोठ्या वृक्षाला याहून कितीतरी मोठे आळे हवे. चालण्यापुरती अरुंद वाट फरसबंद करून उरलेली माती मोकळी ठेवावी.

उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल, तर हिरवळीचा मोह सोडावा. ताम्हण, बहावा, कढीपत्ता आणि लिंबू लावावे. कढीपत्ता आणि लिंबावर फुलपाखरे अंडी घालतात आणि अळीचे फुलपाखरू होताना मुलांना पाहता येते. लागवडीच्या खर्चाबरोबरच पुढील देखभालीची रक्कम आणि प्रत्येक इमारतीची पाळी त्याच ठरावात नोंदवावी, कारण बागा बहुधा पैशांअभावी नव्हे, तर जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे ओसाड पडतात.

प्रश्न : आमच्या बागेतील पालापाचोळा जाळला जातो. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : जाळणे तातडीने थांबवावे, तो धूर लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना फार त्रासदायक ठरतो. सावलीत जाळीचा उभा वाफा करून त्यात पाने भरावीत, मधूनमधून शेणकाला शिंपडावा आणि ओल टिकवावी. काही महिन्यांत खत तयार होते. उरलेली पाने झाडांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरावीत. पाणीही कमी लागते.