ब्रा, केट आणि कंसाचे तुकडे

अमळनेरहून भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "बी.एस्सी.च्या मुलांना पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) तोंडओळख करून देते. पुस्तक इंग्रजी, माझं बोलणं मराठी आणि मागच्या बाकांवर अहिराणी. 'ब्रा' आणि 'केट' हे शब्द आले की वर्गात खसखस पिकते. यांना मराठी प्रतिशब्द आहेत का? आमच्याकडचे एक सर म्हणतात, 'कंस' फोडा, 'कं' आणि 'स' म्हणा. ते बरं दिसेल का? आणि केट हा तो, ती की ते?"

ताई, आधी उत्तर सांगून टाकतो आणि मग पाल्हाळ लावतो. ब्रा आणि केट ('ब्रॅकेट' म्हणजे कंस तोडून केलेल्या दोन चिन्हांची नावं) हेच शब्द ठेवा. मुलं हसतील, दोन दिवसांत हसून दमतील. मराठीचं खरं काम या दोन नामांत नाहीच, ते पूर्ण चिन्ह वाचण्यात आहे, आणि तिथे मराठी (अहिराणी तर त्याहून) इंग्रजीपेक्षा सरस ठरते.

शब्दांची जन्मकथा मुलांना जरूर सांगा. पुंजयामिकीच्या शिल्पकारांपैकी एक, भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३९ साली केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात ही नवी लेखनपद्धत मांडली, आणि त्यांच्या १९३० सालच्या प्रसिद्ध ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९४७ साली निघाली तेव्हा तीत ती घेतली. त्याआधी दोन अवस्थांचा (म्हणजे कणाच्या दोन स्थितींचा) गुणाकार कंसात लिहायची पद्धत होतीच. डिरॅकनी एवढंच केलं की तो कंस मधल्या उभ्या रेघेपाशी तोडला. डावा तुकडा ⟨अ| म्हणजे ब्रा, उजवा |ब⟩ म्हणजे केट. दोन्ही जोडले की ⟨अ|ब⟩, पूर्ण ब्रॅकेट. हे गृहस्थ अबोल म्हणून ख्यात, पण शब्द पाडण्यात हात मोकळा. बोसॉन आणि फर्मिऑन ही नावंही त्यांचीच.

इंग्रजी स्पेलिंग फोडताना मधलं 'सी' हे अक्षर कुठेच जात नाही, ते गळतं. देवनागरीत मात्र 'ब्रॅकेट' लिहून बघा: ब्रॅ आणि केट. काहीच गळत नाही, फक्त ॅचा ा होतो. शब्द इंग्रजीपेक्षा आपल्या लिपीत जास्त सफाईने फुटतो.

आता सरांचा 'कं' आणि 'स'. कल्पना गमतीची आहे, पण चालायची नाही. 'कंस' लिहायला दोन अक्षरं असली तरी बोलताना एका झटक्यात येतो, जवळजवळ 'कौंस' असा. त्याचे दोन उच्चार होत नाहीत. 'कं' एकटा उभा राहिला तर पुढचं काही ऐकू आलं नाही असं वाटतं, आणि 'स' तर व्यंजनासारखा विरून जातो. शिवाय 'कंसाचे दोन तुकडे केले' म्हटलं की मुलं थेट मथुरेला पोचणार. खसखस थांबवायला निघालो आणि हशा पिकवला, असं व्हायचं.

पण शब्द तोडून त्याचं चिन्ह करणं हा काही गोऱ्यांचा अतरंगीपणा नव्हे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला, तो शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. त्या ग्रंथांतल्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात आणि लिहिताना नुसतं 'या' लिहितात. दुसरी 'कालक', तिचं 'का'. तिसरी 'नीलक', तिचं 'नी'. सुट्टी संख्या म्हणजे 'रूप', तिचं 'रू'. तेव्हा अमळनेरच्याच जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी पोरं 'या', 'का', 'नी' अशी शब्दांची डोकी घेऊन गणितं करत असणार. त्यांच्या वारसांना 'ब्रा' आणि 'केट' जड जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा, वाचण्याचा.

साध्यातलं साधं उदाहरण घेऊ. १९२२ साली फ्रँकफर्टला श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. काचेवर एक पसरट पट्टा उमटेल अशी जुनी अपेक्षा होती, प्रत्यक्षात झोत दोन भागांत फुटला. या दोन निकालांना |वर⟩ आणि |खाली⟩ म्हणू. चुंबक आडवा फिरवला तर निकाल |उजवे⟩ आणि |डावे⟩. पुस्तक सांगतं:

|उजवे⟩ = (|वर⟩ + |खाली⟩)/√२

आता फळ्यावर ⟨वर|उजवे⟩ लिहिलं. हे वाचायचं कसं? मुलं वाचतात, "ब्रा वर, केट उजवे". ही झाली श्रुतलेखनाची भाषा, वहीत उतरवायला ठीक. अर्थाने वाचायचं तर उजव्या टोकाकडून निघावं लागतं: उजवे अवस्थेत वर किती? इंग्रजीत हा प्रश्न विचारताना 'किती' आणि 'वर' आधी येतात, 'कशात' शेवटी, त्यामुळे वाक्य डावीकडून सरळ चालतं आणि मुलाला वाटतं की चिन्हही तसंच चालतं. मराठीत अवस्था आधी, तिला प्रत्यय, मग 'किती'. सूत्र उलटं वाचलं की सुलट मराठी वाक्य मिळतं. अहिराणीत तर प्रत्यय आणखी आटोपशीर: "उजवेमा वर कितलं?" तीन शब्दांत झालं. मागच्या बाकाला हे वाक्य द्या ताई, पुढचा बाक मागे वळून बघेल.

उत्तर काय? केट उलगडा: ⟨वर|वर⟩ म्हणजे १, ⟨वर|खाली⟩ म्हणजे ०, उरतं १/√२. हा आकडा संभाव्यता नव्हे, अ‍ॅम्प्लिट्यूड आहे. त्याच्या मापाचा वर्ग करा, १/२. म्हणजे उजवीकडे वळलेले अणू पुन्हा उभ्या चुंबकातून सोडले तर निम्मे वर जातील, निम्मे खाली.

मधे ऑपरेटर (एका अवस्थेला लावलं की दुसरी देणारी क्रिया) आला की ही मराठी चाल आणखी उपयोगी पडते. ⟨वर|क|उजवे⟩ म्हणजे "उजवेला क लावा, जे होईल त्यात वर किती?" आणि 'क ख |उजवे⟩' असं असेल तर आधी ख, मग क. लिहिताना क आधी दिसतो म्हणून तोच आधी लावणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात, आणि पुंजयामिकीत क ख आणि ख क सहसा सारखे नसतात, त्यामुळे ही चूक उत्तरापर्यंत पोचते. (इथे मी मुद्दाम 'उजवेला' म्हटलं. 'उजवेवर क लावा' म्हटलं की प्रत्यय कोणता आणि अवस्था कोणती, हा नवा घोळ. अहिराणी बोलणाऱ्यांनी 'उजवेले' म्हणावं, ते आणखी बरं.)

ब्रा एकटा असला की काय असतो? अर्धवट प्रश्न. "…मध्ये वर किती?" एवढाच, रिकामी जागा ठेवून. केट म्हणजे धान्याची रास धरली तर ब्रा म्हणजे हातातलं माप: राशीला माप लावलं की आकडा मिळतो, नुसत्या मापातून काही मिळत नाही. ही उपमा लांबवू नका. धान्याचं माप कधी उणे भरत नाही, ब्राचं उत्तर उणेच काय, संमिश्रही (कॉम्प्लेक्स) येतं.

आणि संमिश्र येतं म्हणूनच ब्रा म्हणजे केटचं नुसतं आरशातलं रूप नव्हे. हे वर्गात एकदा हाताने करून दाखवा, कारण तोंडी सांगून ते मुरत नाही. तिसरी दिशा घ्या, पुढे-मागे:

|पुढे⟩ = (|वर⟩ + आय|खाली⟩)/√२

'आय' म्हणजे ज्याचा वर्ग −१ येतो ती संख्या. (आपल्याकडे आय म्हणजे आई, आणि इथेही तिच्याशी नीट वागावं लागतं.) याचा ब्रा करताना आयचं चिन्ह बदलतं:

⟨पुढे| = (⟨वर| − आय⟨खाली|)/√२

आता "पुढेमध्ये पुढे किती?" विचारा. पहिल्या पदांचा गुणाकार १, दुसऱ्यांचा (−आय)(आय) म्हणजे १, बेरीज २, भागिले २, उत्तर १. असंच यायला हवं, अवस्थेत ती स्वतः पुरेपूर असतेच. चिन्ह बदलायचं विसरलात तर आय गुणिले आय −१, बेरीज शून्य. म्हणजे पुढे निघालेला अणू पुढेच्या झोतात औषधालाही सापडत नाही. हे शून्य एकदा स्वतःच्या वहीत पाहिलं की मूल चिन्ह बदलायला सहसा विसरत नाही.

याच ओघात भाषेच्या माणसाला सर्वांत आवडणारी गोष्ट. केटच्या आत जे लिहिलेलं असतं ते नाव असतं, आकडा नव्हे, आकड्यासारखं दिसलं तरी. |१⟩ आणि |२⟩ यांची बेरीज |३⟩ होत नाही, आणि |२⟩ म्हणजे |१⟩ ची दुप्पट नाही. भुसावळच्या फलाट क्रमांक एक आणि दोनची बेरीज फलाट तीन होत नाही, हे कुणाला समजवावं लागतं का? पण केटच्या पोटात आकडा दिसला की हात आपोआप बेरजेला जातात. सगळ्यात फसवा |०⟩. हा शून्य सदिश (व्हेक्टर) नव्हे. दोलकाच्या (स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारख्या, मागेपुढे हलणाऱ्या वस्तूच्या) बाबतीत ही सर्वांत खालची अवस्था, आणि तिची ऊर्जाही शून्य नसते, एका पायरीच्या ऊर्जेच्या निम्मी असते. दोलकाला एक पायरी खाली उतरवणारा ऑपरेटर, त्याला 'उ' म्हणू:

उ|०⟩ = ०

डावीकडचं शून्य हे नाव आहे, उजवीकडचं शून्य म्हणजे खरोखर काही नाही. एका ओळीत दोन शून्यं आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. वाचताना मी डाव्याला 'केट शून्य' आणि उजव्याला 'नुसतं शून्य' म्हणतो, तुम्हीही म्हणून बघा.

क्रम उलटला तर? ⟨अ|ब⟩ मध्ये कंस मिटला, आत दोघं सापडली, हाती संख्या आली. |ब⟩⟨अ| मध्ये टोकं बाहेर आणि पाठी आत, कंस उघडाच. ही संख्या नव्हे, ऑपरेटर. पुढे कुठलाही केट ठेवा: "यात अ किती? तेवढा ब द्या." मराठीला हे नवं नाही, वाड्याचा राजा आणि राजवाडा यांत तेच दोन शब्द, पण एक माणूस, एक इमारत. |वर⟩⟨वर| आणि |खाली⟩⟨खाली| यांची बेरीज केली की जो येईल त्याला जसाच्या तसा परत देणारा ऑपरेटर मिळतो. पुस्तकं अध्येमध्ये तो कुठेही घुसवतात आणि विद्यार्थी 'हे कुठून आलं?' म्हणून डोकं खाजवतात. कुठूनच आलं नाही, एकाने गुणलं आहे.

राहिलं लिंग. मराठीत 'केट'वर संपणारे परके शब्द बहुतेक नपुंसकलिंगी स्थिरावले आहेत: ते रॉकेट, ते मार्केट, ते जॅकेट, ते सॉकेट, ते क्रिकेट. बास्केट आणि बकेट या दोघी टोपली आणि बादलीच्या संगतीने 'ती' झाल्या, म्हणजे जो मराठी शब्द मनात असतो त्याचं लिंग चिकटतं. केटच्या मागे तसा घरगुती शब्द नाही, म्हणून 'ते केट' कानाला बसतं. पण केटच्या आड 'सदिश' पाहणारे 'तो केट' म्हणतात आणि वर मीही 'कुठलाही केट' लिहून गेलोच आहे. दोन्ही चालेल, एका तासात एकच पाळा. सामान्यरूप करू नका: 'केटला', 'केटचा'. 'केटाला' ऐकलं की कुणी भलतंच हाक मारल्यासारखं वाटतं.

ब्राचं लिंग मात्र मी ठरवून पुल्लिंगी धरतो. 'ती ब्रा' ही कपाटातली, 'तो ब्रा' हा फळ्यावरचा. डिरॅक स्वतःही आधी ब्रा-सदिश आणि केट-सदिश असंच म्हणतात आणि मग सोयीसाठी सदिश गाळतात, त्यामुळे पुल्लिंगाला आधार आहे. पहिल्या आठवड्यात फळ्यावर 'ब्रा-सदिश' असं पूर्ण लिहा. हसू टाळायला काही जण 'ब्रॅ' लिहितात, ते नको. पुढे मुलगा एम.एस्सी.ला जळगावच्या विद्यापीठात गेला, की सगळे 'ब्रा' म्हणत असताना हा एकटाच 'ब्रॅ' म्हणेल आणि तिथे हसू त्याचं होईल.