अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग इतकं का वाढलं? त्यात ब्लोआउटचा, म्हणजे तेल-वायू बेकाबू उसळण्याचा, धोका नाही का?

मुख्य कारण म्हणजे तेलसाठे म्हातारे झालेत. नेहमीच्या पद्धतीत विहिरीतल्या मडचा (खोदताना फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवाचा) दाब खडकातल्या दाबापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे तेल-वायू उसळून वर येत नाही. आता हिशेब बघा. 2000 मीटर खोलीवर नुसत्या पाण्याच्या स्तंभाचा दाब होतो सुमारे 200 बार. वर्षानुवर्षं उपसलेल्या साठ्यात 120 बारच उरला असेल, तर उरलेले 80 बार ते पाणी आणि चुरा खडकाच्या छिद्रांत कोंबतात. ज्या वाटेने तेल यायचं तीच बुजते! मग विहीर कमी तेल देते आणि दोष मात्र साठ्याला लागतो, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मडमध्ये नायट्रोजन मिसळून ते हलकं करतात आणि त्याचा दाब खडकातल्या दाबापेक्षा कमी ठेवतात; हेच अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग. साधी हवा स्वस्त पडते, पण तेल-वायूशी मिसळून खाली आग लागू शकते. 1990च्या दशकात पश्चिम कॅनडात, विशेषतः आडव्या विहिरींसाठी, ही पद्धत जोरात पसरली. ड्रिलिंगचा वेग वाढतो, बिटही (खडक फोडणारं टोक) जास्त टिकतं.

धोका आहेच. खोदताना तेल-वायू वर येतच असतो. फिरत्या पाइपला घट्ट धरून बसलेलं रबरी सील त्याला बाजूच्या नळीतून सेपरेटरकडे (तेल, वायू, मड वेगळं करणाऱ्या टाकीकडे) वळवतं. पाइपचा प्रत्येक जाड जोड त्यातून सरकताना रबर झिजतं, त्यामुळे ते वेळेवर बदलावंच लागतं. ब्लोआउट प्रिव्हेंटर (गरज पडल्यास विहीर बंद करणारी झडप) त्याखाली असतोच. ढासळणाऱ्या शेल खडकामध्ये किंवा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असेल तिथे मात्र या वाटेला न गेलेलंच बरं.