सरांच्या वहीतलं प्रमेय

"मॅडम, तुम्ही देव मानता का?"

खुर्चीत टेकायच्या आधीच सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शंभर पानी वही माझ्यापुढं उघडून ठेवली. पट्टीनं आखलेला समास. वर 'पक्ष': देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, जगात दुःख आहे. खाली 'साध्य': या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मग 'सिद्धता', सात ओळींची, आणि शेवटी 'म्हणून'चे तीन ठिपके. तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस, दुःखसुद्धा प्रमेयात मांडणार.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. पुढं मिशनच्या काळात सरांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. सरांच्या पत्नी महिला मंडळात पेटी वाजवायच्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि सात महिन्यांत गेल्या. तेव्हापासून रविवारी सकाळी सर घरात "चर्चला जातो" म्हणून निघायचे आणि रंकाळ्याला चकरा मारायचे. कुणीतरी मुलाला सांगितलं, म्हणून तो राजारामपुरीत माझ्याकडं समुपदेशनासाठी त्यांना घेऊन आला. "बाबांची श्रद्धा गेलीय," एवढंच म्हणाला.

"देव चांगला असेल तर मग असं का?" हा प्रश्न पुरानंतर, कोरोनानंतर मी इतक्यांदा ऐकलाय की त्यात धर्माचा फरक राहत नाही. मी स्वतः शिवाजी पेठेतली. आमच्याकडं 'प्रारब्ध' म्हणून तो एका शब्दात वाटेला लावतात. त्या शब्दाचाही मार किती बसतो, हे याच खोलीत बघितलंय. ख्रिस्ती माणसाला ती वाट नसते. त्याच्यापुढं गेला जन्म नाही. आहे तो एकच देव, आणि तोही प्रेमळ. त्यामुळं प्रश्न थेट त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो.

पहिल्या दोन भेटींत मी चूक केली. वाचून गेले आणि वाद घातला. सांगितलं, की तुमचं प्रमेय जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञानं 1955 साली जवळपास असंच मांडलंय. त्याला 1970च्या दशकात ॲल्विन प्लॅन्टिंगा यांनी उत्तर दिलं. माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं, तर तो कायम चांगलंच वागेल याची सक्ती देवालाही करता येत नाही. म्हणजे पक्षात एक गोष्ट न लिहिता गृहीत धरली गेलीय, ती अशी की सर्वशक्तिमान देव वाटेल तसं जग घडवू शकतो. सरांनी मान हलवली, समासात बारीक टीप केली. मग म्हणाले, "चोरानं चोरी केली, तिथं हे चालेल. पेशीला कसलं आलंय स्वातंत्र्य?"

वर्मावर बोट होतं. 1 नोव्हेंबर 1755ला, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी लिस्बनला भूकंप झाला, तेव्हा लोक चर्चमध्येच होते. त्यानंतर युरोपातले विचारवंत याच ठिकाणी अडखळले. मी जॉन हिक या तत्त्वज्ञाचं म्हणणं सांगून बघितलं: हे जग सुखाची जागा नाही, आत्मा घडायची जागा आहे. सर शांतपणे म्हणाले, "शेवटी ती मॉर्फिनवर होती. काय घडलं तिचं?"

मी गप्प बसले. दुसरं उदाहरण ओठावर होतं, लहान मुलाला इंजेक्शन कशासाठी ते कळत नाही, तशी देवाची कारणं आपल्याला कळत नाहीत, हे. पण सर पुढं काय म्हणणार ते मला कळत होतं: आई निदान त्या वेळी हात तरी धरते की.

हे युक्तिवाद फोल आहेत असं मला वाटत नाही. बुद्धीच्या प्रश्नाला ते बुद्धीचं उत्तर देतात, आणि ज्याला तोच प्रश्न पडलाय त्यानं जरूर वाचावेत. बायबलमधल्या ईयोबावर काही दोष नसताना दुःख कोसळतं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. तिथवर त्यांचं बरोबर चाललेलं असतं. तोंड उघडून कारणं सांगू लागतात तिथं बिघडतं. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. त्याला जाब विचारणाऱ्या ईयोबाचं बोलणं मात्र तो योग्य ठरवतो.

तिसऱ्या भेटीत मी वही मिटली आणि विचारलं, "सर, हे प्रमेय कधी लिहिलं?"

"प्रार्थना सभेनंतर." एक जण म्हणाला होता, 'विश्वास कमी पडला.'

"कुणाचा?"

बराच वेळ गेला. रस्त्यावरून केएमटीची बस गेली. मग सर बोलले. बाईंच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा "ॲसिडिटी आहे, तिखट कमी कर" असं त्यांनीच सांगितलं होतं. तीन महिने मेडिकलमधून गुलाबी औषध आणून तेच देत होते. बाटलीचं झाकण चमचा म्हणून वापरायचे. ते झाकण अजून शर्टाच्या खिशात होतं. त्यांनी ते काढून वहीवर ठेवलं.

देवावरच्या खटल्याआड दुसराच आरोपी उभा होता.

त्या दिवशी मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" हे विचारायला घाबरू नये, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ते म्हणाले, झोपेतून उठूच नये असं वाटतं, पण स्वतःला काही करणार नाही. झोप दोन-तीन तासांवर आली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडंही पाठवलं. आणि एक काम दिलं: बाईंच्या डॉक्टरांना जाऊन त्या तीन महिन्यांबद्दल विचारा. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. हा आजार सुरुवातीला ॲसिडिटीसारखाच भासतो आणि बहुतेकदा उशिराच सापडतो, त्या तीन महिन्यांनी काय फरक पडला असता ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं म्हणाले. सरांना ते पटलं. खात्रीनं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

विश्वास कमी पडल्याचं मात्र मी ठाम खोडलं, तेही त्यांच्याच शास्त्रातून. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही. सरांनी हे उतारे आयुष्यभर ऐकले होते. "पण मी ते कायम दुसऱ्यांसाठी ऐकले," म्हणाले.

पुढं चार महिने आम्ही देवाविषयी फार बोललो नाही. बाईंची पेटी कुणाला द्यायची, हाच विषय तीन भेटी चालला. मधे त्यांना बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचायला सांगितलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, समाधानाची एक ओळ नाही. वाचून म्हणाले, "हे छापायची परवानगी कुणी दिली?" आणि पहिल्यांदा हसले.

गेल्या महिन्यात फोन आला होता. चर्चला जातात, शेवटच्या बाकावर बसतात. 'देवाची इच्छा' असं कुणी म्हणालं की उठून बाहेर गाड्यांपाशी जाऊन उभं राहतात. पाळकसाहेबांना तसं आधीच सांगून ठेवलंय.