‘प्लाऊ’ म्हणजे नांगर की नांगरणे?

इंग्रजीत ‘प्लाऊ’ हा एकच शब्द नांगर आणि नांगरणे या दोन्ही अर्थांनी कसा चालतो, असा हा प्रश्न आहे. आपल्या वऱ्हाडात वखर, डवरा या शेतीच्या अवजारांवरून वखरणे, डवरणे अशी क्रियापदे होतात. पण तिथे ‘णे’ प्रत्यय लागतो आणि पुढे ‘वखरतो’, ‘वखरले’ अशी रूपे चालतात, म्हणून शब्दाची जात, म्हणजे तो नाम आहे की क्रियापद, त्याच्या रूपावरूनच ओळखू येते. जुन्या इंग्रजीतही असेच होते: प्रेम म्हणजे ‘लुफू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफियन’. सुमारे ११०० ते १५०० या काळात हे प्रत्यय झिजत गेले आणि दोन्हींचे ‘लव्ह’ झाले.

आता जात ठरते ती मुख्यतः वाक्यातील स्थानावरून. ‘द प्लाऊ’मध्ये आधी उपपद आहे, म्हणून ते नाम, ‘वी प्लाऊ द फील्ड’मध्ये तोच शब्द कर्ता आणि कर्म यांच्या मधोमध उभा आहे, म्हणून क्रियापद. त्यामुळे खेड्यातील मुलांकडून सुटे शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा त्यांना शेतातलीच अशी छोटी वाक्ये द्यावीत, असे मला मनापासून वाटते. काही शब्दांत आघात, म्हणजे उच्चारातला जोरही बदलतो: ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर तो शब्दाच्या पहिल्या अवयवावर (उच्चारखंडावर) येतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.