पदवीचा खर्च वर्षाच्या फीवरून मोजू नका

मुलीला अर्थशास्त्रात पदवी घ्यायची आहे, मनात भरलेल्या कॉलेजची फी ऐपतीबाहेर आहे आणि कर्जाचं नाव काढलं की तुम्हा दोघांच्या पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः आडवाटेने पदवीपर्यंत पोचले आणि नंतर नात्यातल्या बऱ्याच मुलांच्या फीचे हिशेब मांडून दिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक कोरा कागद घ्या आणि पदवी हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च त्यावर लिहा. फी, परीक्षा शुल्क, राहणं-खाणं, प्रवास, पुस्तकं आणि शिकण्यापायी बुडणारा पगारसुद्धा. त्यातून शिष्यवृत्ती आणि फीमाफी वजा करा. माहितीपत्रकातला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत पुष्कळदा मोठी तफावत निघते. अमेरिकेत सरकारी मदत योजनांतल्या कॉलेजांना २०११ पासून हा हिशेब करून देणारी सोय संकेतस्थळावर ठेवावीच लागते. त्यामुळे महाग म्हणून एखादं नाव आधीच खोडू नका. ज्या कॉलेजकडे मदतनिधी मोठा, ते कधी कधी स्वस्त कॉलेजपेक्षाही कमी पैशांत पडतं.

बहुतेकांना सुचणारा मार्ग म्हणजे पहिली दोन वर्षं कमी फीच्या कॉलेजात काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं. मी तेच केलं. बदलीच्या दिवशी टेबलापलीकडच्या बाईंनी माझी गुणपत्रिका पुढ्यात ओढली आणि पेन्सिलने एकेका विषयापुढे खूण करत गेल्या. तीन विषयांपुढे खूण झालीच नाही. त्यातल्या संख्याशास्त्राचं नाव दोन्हीकडे एकच होतं, पण माझ्या अभ्यासक्रमात दोन प्रकरणं कमी होती. त्या तीन विषयांपायी एक सत्र वाढलं आणि दोन वर्षांत वाचवलेल्या पैशांतले बरेचसे तिथेच गेले. हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१७ च्या अहवालात कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट, म्हणजे विषय पास केल्यावर पदवीसाठी जमा होणारे श्रेयांक, वाया गेल्याचा अंदाज आहे.

म्हणून पहिला प्रवेश घेण्याआधीच शेवटच्या विद्यापीठाला विचारा: या कॉलेजातले कोणते विषय तुम्ही धराल? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो, चालतं’ याला दोन वर्षांनी काडीची किंमत नसते. आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवा. माझ्याकडे तो असता, तर निदान संख्याशास्त्रासाठी भांडता आलं असतं.

मुक्त विद्यापीठाचं नाव तुमच्या यादीत दिसलं नाही. ते दुय्यम वाटत असेल, तर तो समज काढून टाका, मनापासून सांगते. वर्गात न बसता परीक्षा देऊन पदवी घेण्याची वाट लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच खुली केली. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ चं, जर्मनीतलं हागेनचं १९७४ चं, भारतातलं इग्नू १९८५ चं. नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी १९८९ मध्ये पूर्ण केली ती कैदेत असताना, दक्षिण आफ्रिका विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून. इथे फी कमी लागते, पण खरी बचत म्हणजे कमावता कमावता शिकता येतं. मात्र अर्ध्यावर सोडणारेही खूप असतात. कुणी मागे न लागता मुलगी रोज दोन तास पुस्तक उघडते का, हे तुम्हालाच ठाऊक. नसेल उघडत, तर ही वाट तिला महागात पडेल, कारण अर्धवट पदवीइतकं महाग काहीच नाही.

परदेशाचंही विचारलंत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. राहण्याचा खर्च आपला आणि तेवढे पैसे असल्याचा पुरावा व्हिसासाठी आधी दाखवावा लागतो. ‘फुकट’ हा शब्द ऐकून निघू नका. ब्रिटनमध्ये २०१५ पासून नोकरीसोबत पदवीची योजना आहे. फी मालक आणि सरकार भरतं, विद्यार्थ्याला पगार मिळतो. तुमच्याकडे असं काही आहे का, हे जरूर शोधा. जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज लवकर करायचा.

आता कर्ज. ते घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पण ते कागदाच्या शेवटच्या ओळीत येऊ द्या. बँकेला एकच गोष्ट नीट विचारा: शिकत असताना व्याज चढतं का, आणि ते मुद्दलात जातं का? दहा टक्के दराने घेतलेले शंभर रुपये तीन वर्षं तसेच राहिले, तर व्याजावर व्याज धरून १३३ होतात. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, तर पदवीच्या दिवशी कर्ज शंभरच राहतं. महिन्याला ही छोटी रक्कम झेपते का, ते आधी पाहा. नसेल झेपत, तर कर्ज तेवढं लहान करा.

आणि कुठेही पैसे भरण्याआधी त्या संस्थेचं नाव मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या यादीत स्वतः शोधा. संस्थेच्या जाहिरातीतला मान्यतेचा शिक्का धरू नका.

तुम्ही दोन कॉलेजांची नावं दिलीत. दोन्हींचे अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम मिळवून पाठवा. कोणते विषय जुळतात, ते मी ओळ न् ओळ ताडून सांगते.