कूलरमध्ये बर्फ टाकण्याआधी खिडकी उघडा

भाऊ, भुसावळची दुपार, बाहेर 44 अंश, कूलरला नवं गवत, नवी मोटर, टाकीत बर्फ, दारं-खिडक्या घट्ट बंद आणि तरी तासाभरात अंग चिकचिक. कूलर थंड का करत नाही, हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. गवत नीट भिजतंय का, नळीची छिद्रं मोकळी आहेत का, हे तुम्ही पाहिलंच असणार, ते सोडतो. घोळ त्या बंद खिडकीत आहे.

तुमच्या मुलीचा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर त्यातच आहे. पाणी 100 अंशाला उकळतं, मग 40 ला कसं उडतं? द्रवातले सगळे कण एका वेगाने पळत नाहीत. काही रेंगाळतात, काही सुसाट असतात. पृष्ठभागाजवळचा सुसाट कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. वेगवान कण गेले की मागे राहिलेल्यांचा सरासरी वेग उतरतो, म्हणजेच पाणी गार होतं आणि त्याला लागून वाहणारी हवाही. उकळताना वाफ पाण्याच्या आत बुडबुडे धरते, इथे फक्त वरच्या थरातून निसटणं चालू असतं, आणि ते कुठल्याही तापमानाला होतं.

पण हवेतले वाफेचे कण परत पाण्यातही शिरतात. खोली बंद असली की वाफ साठत जाते, आणि एका टप्प्यावर जेवढे कण बाहेर तेवढेच आत. तिथे थंडावा संपला, उरला नुसता दमटपणा. म्हणून कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे हवी, आणि समोरच्या भिंतीत निदान कूलरच्या तोंडाएवढी खिडकी उघडी हवी. खोली बंद ठेवायची सवय एसीची. कूलरला ती चालत नाही.

हे एक वाक्य सांगायला काय जातं? नाव घेत नाही, पण एका सेवा केंद्राने लागोपाठ दोन उन्हाळे माझ्या कूलरची मोटर बदलली, गवत बदललं, वर बर्फ टाकायचा सल्ला दिला. कूलर कुठे ठेवलाय, हे एकदाही विचारलं नाही. पैसे गेले ते गेले, उन्हाळेही गेले.

आता बर्फाचा हिशोब करा. 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो. ते पाणी 0 वरून 25 अंशांवर येताना आणखी 105. मिळून 440 धरा. तेच 1 लिटर पाणी हवेत उडालं तर सुमारे 2,400 घेतं. वितळताना कणांची घट्ट मांडणी फक्त ढिली होते, ते एकमेकांना चिकटूनच राहतात. वाफ होताना मात्र प्रत्येक कण साफ सुटा करावा लागतो, म्हणून एवढा फरक. बर्फाचे पैसे वाचवा. उन्हाने तापलेल्या टाकीचीही फार काळजी नको, गवतावरून फिरताना ते पाणी आपोआप उतरतं.

कूलर किती थंड करेल, हे घरीच मोजता येतं. प्रयोगशाळेतला काचेचा तापमापी घ्या (तापाचा नको, तो 42 ला संपतो), त्याच्या खालच्या फुग्यावर ओली मलमल बांधा आणि कूलरच्या मागे, बाहेरच्या वाऱ्यात, पण सावलीत धरा. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर तो 23 च्या आसपास थांबेल. त्याच्या खाली कूलर जाऊच शकत नाही; बरा कूलर 28 पर्यंत हवा देईल. जुलैत 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला तोच आकडा 28 येतो, मग कूलर काय करणार? रावेर-यावलकडे घर केळीच्या बागेला लागून असेल तर मे महिन्यातही मोजून बघा. पानांतून पाणी उडतं, हवा तितकी कोरडी मिळत नाही.

जाता जाता, बोअरचं जड पाणी वापरत असाल तर टाकी तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करा. उडतं ते पाणी, क्षार मागे राहतो, म्हणून नुसती भर घालत गेलं की गवतावर पांढरी खरपुडी धरते आणि हवेची वाट बुजते. पाण्याच्या मोटरवरची खरपुडी व्हिनेगरने सुटते. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग मात्र वायरमनकडूनच तपासून घ्या, इथे वाचून त्यात हात घालू नका.

आणखी एक, स्लॅब दिवसभर तापलेला असेल तर रात्री वरून धग येतच राहणार, तिला कूलर जबाबदार नाही.

मुलीला दोन तापमापी द्या, एक कोरडा, एक ओला. दोघांत 5 अंशांहून कमी फरक दिसेल त्या दिवशी पाण्याची मोटर बंद ठेवा आणि नुसता पंखा चालवा.